मुलांचं शनिवारचं मंडळ चालवायचंय? आधी वेळ सांगा

मुलांचं मंडळ चालवायला आवड लागते असं सगळे सांगतात. आवड पुष्कळांना असते. वाईत माझं औषधांचं दुकान आहे. "काकू, तुमच्या त्या मुलांच्या मंडळात मलाही काहीतरी करायचंय," असं काउंटरवर उभं राहून म्हणणारी माणसं अधूनमधून भेटतात. मी त्यांना आवडीबद्दल काही विचारत नाही. शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते सात तुम्ही काय करता, एवढंच विचारते. ज्याला ती वेळ वर्षभर मोकळी ठेवता येते तो माणूस कामाचा. त्याला गाणं येत नसलं तरी चालतं, खेळ माहीत नसले तरी मुलं शिकवतात. पण येतो म्हणून न येणारा माणूस मुलांना दोन आठवड्यांत कळतो, आणि मग मुलंही तसंच करायला लागतात.

आमचं मंडळ म्हणजे नऊ ते पंधरा वयाची वीस-पंचवीस मुलं-मुली, एका शाळेचं मैदान, आठवड्यातून दीड तास आणि वर्षाकाठी दोन-तीन सहली. खेळ, गाणी, हाताने करायची कामं. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, संस्कारवर्ग तर अजिबात नाही. आपल्या गावात, कॉलनीत किंवा सोसायटीत असं काही करावं असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

नवीन काढण्याआधी जुनं शोधा

प्रत्येकाला स्वतःचं मंडळ काढायचं असतं. गरज नसते. राष्ट्र सेवा दल 1941 पासून मुलांच्या शाखा चालवतंय. खेळ, गाणी, कलापथक, शिबिरं असा त्यांचा साचा कधीचा बसलेला आहे. भारत स्काऊट्स आणि गाइड्स 1950 पासून आहे. बहुतेकांना ते शाळेतलंच वाटतं, पण शाळेबाहेरचं मुक्त पथकही काढता येतं, आणि मोठ्या माणसांसाठी त्यांचं पायरीपायरीने प्रशिक्षण असतं. तुमच्या गावच्या वाचनालयाचा बालविभाग बंद पडत आला असेल तर तिथे जाऊन विचारा. ग्रंथपालाला हायसं वाटेल. गणेश मंडळाचं समाजमंदिर वर्षातले अकरा महिने रिकामं असतं, तेही एक.

यांपैकी कुठेही गेलात तरी पहिले सहा महिने सहायक म्हणून जा. चटया उचला, हजेरी घ्या, पाण्याची टाकी भरली आहे का ते बघा. आल्या आल्या "आपण असं करूया का" सुरू करू नका. आधीचा माणूस ते तसं का करतो हे कळायला एक पावसाळा जावा लागतो.

आणि काहीच नसेल तर काढा नवीन. पण एकट्याने नाही. निदान दोन मोठी माणसं, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, आणि तिसरं कुणीतरी अडीनडीला. माझ्याबरोबर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आहेत. त्यांना मुलांचं मानसशास्त्र वगैरे काही ठाऊक नाही, पण कुठेही गेलो की उतरल्या उतरल्या त्यांचं बोट डोकी मोजत फिरायला लागतं. नोकरीतली सवय. असा माणूस गाठीला असावा.

जागा

जागा बघताना मैदान बघू नका, संडास बघा. हे मी थट्टेने सांगत नाही. वय बारा ओलांडलं की मुली कुठल्याही गोष्टीतून गळायला लागतात, आणि त्याचं कारण पालकांचा विरोध किंवा अभ्यास असं सांगितलं जातं. पुष्कळदा खरं कारण हे असतं की तिथे आतून कडी लागणारं, पाणी असलेलं, दिवा असलेलं स्वच्छतागृह नसतं. आम्ही शाळेच्या मुख्याध्यापकांकडे परवानगीचा अर्ज दिला तेव्हा त्यात मैदानाच्या आधी स्वच्छतागृहाची किल्ली मागितली होती. तिथे एका डब्यात सॅनिटरी पॅड ठेवलेले असतात, शेजारी जुने वर्तमानपत्र आणि झाकणाची बादली. मुलींना एकदाच सांगितलं, मुलग्यांनाही सांगितलं. पुन्हा विषय काढावा लागला नाही.

परवानगी लेखी घ्या. मुख्याध्यापक बदलतात, शिपाई बदलतात, आणि नव्या माणसाला तुमचा तोंडी शब्द माहीत नसतो. अर्जात वार, वेळ, जबाबदार माणसांची नावं आणि "निघताना आवार झाडून, दिवे मालवून, किल्ली अमुक यांच्याकडे देऊ" हे वाक्य असू द्या. या वाक्यावर परवानगी मिळते.

वेळ ऋतूप्रमाणे हलवा. जूनमध्ये आमच्याकडे सातपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात सहालाच दिवस बुडतो. दिवाळीनंतर आम्ही साडेचारला सुरू करतो, म्हणजे मुलं उजेडात घरी पोचतात. बाकी गावाचं पंचांग डोक्यात ठेवा. शेजारच्या बावधन गावच्या बगाडाच्या जत्रेच्या दिवसांत आमच्याकडे कुणी फिरकणार नाही, मांढरदेवच्या यात्रेला निम्मी घरं पाहुण्यांनी भरलेली असतात, गणपतीत तर मुलांना आपल्यापेक्षा ढोल महत्त्वाचा. त्या शनिवारी सरळ सुट्टी द्या. चार पोरांना घेऊन रुसून बसण्यात अर्थ नाही.

पालकांची एक बैठक, एक कागद

पहिल्या शनिवारच्या आधी पालकांना एकदा बोलवा. चहा द्या, भाषण देऊ नका. एक कागद भरून घ्या: मुलाचं नाव, वय, पत्ता, दोन फोन नंबर, दमा आहे का, फिट येते का, कशाची ॲलर्जी, कुठलं औषध चालू आहे, पोहता येतं का, घरी एकटा जाणार की कुणी न्यायला येणार, आणि न्यायला कोण येणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नावानिशी घ्या. आईवडील वेगळे राहत असतील तर हा प्रश्न फार नाजूक असतो, म्हणून तो सगळ्यांनाच विचारायचा, म्हणजे एकाला विचारल्यासारखं होत नाही.

फोटोंचं त्याच बैठकीत ठरवा. आम्ही मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो कुठेही टाकत नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरही सहलीचा एखाददुसरा लांबून काढलेला. काही पालक हिरमुसतात. हिरमुसू द्या.

वर्गणी ठेवा, फुकट ठेवू नका. आमच्याकडे महिना तीस रुपये आहेत. ज्याला जमत नाही त्याने सांगायचंही नाही, द्यायचे नाहीत एवढंच. खजिनदार मुलं ते नाव वहीत बाकी म्हणून लिहीत नाहीत. तीस रुपयांत फार काही येत नाही, पण त्या पैशांवर मुलांचा हक्क तयार होतो. हिशेबाकडे पुढे येते.

जे कंटाळवाणं आहे तेच आधी

सांभाळायला म्हणून मुलं आपल्या हाती दिली जातात तेव्हा चांगलं मन पुरेसं नसतं. काही नियम लागतात, आणि ते सगळ्यांना सारखे लागतात, अगदी गावात ज्यांना देवमाणूस म्हणतात त्यांनाही.

कुठलंही मोठं माणूस कुठल्याही मुलाबरोबर एकटं राहणार नाही. खोलीत नाही, गाडीवर नाही, "जरा बाजूला ये, बोलायचंय" म्हणून तर नाहीच. बोलायचं असेल तर मैदानाच्या कडेला, बाकीच्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर. मुलाला घरी सोडायचं तर दोघांनी सोडायचं. मुलांना स्वतंत्र मेसेज पाठवायचे नाहीत, निरोप पालकांच्या गटावर. आजारी मुलाला उचलावं लागलं, पडलेल्या मुलीचा गुडघा धुवावा लागला तर "मी आता हात लावते आहे" असं सांगून, दुसऱ्या मोठ्या माणसादेखत. नवीन सहायक घेताना त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांशी बोलायचं आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांगायचं. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं जो विचारतो त्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवा.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. मुलं तुमच्यावर विश्वास टाकायला लागली की कधीतरी एखादं मूल असं काही सांगेल जे ऐकून पोटात गोळा येईल. घरातल्या कुणाबद्दल, शेजारच्या कुणाबद्दल, शिकवणीच्या सरांबद्दल. तेव्हा चेहरा शांत ठेवा. "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही," एवढं म्हणा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. खोदून खोदून विचारू नका. ते तुमचं काम नाही, आणि त्याने मुलाला तेच पुन्हा भोगावं लागतं. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहून ठेवा.

मग कळवा. 2012 चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा तशी रास्त शंका असलेल्या कुणीही ती पोलिसांना कळवणं त्या कायद्याने बंधनकारक केलं आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. काय करावं सुचत नसेल तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. गावाकडे अशा वेळी चार वडीलधारी बोलावून "घरातल्या घरात मिटवायची" पद्धत आहे. तुम्ही त्या बैठकीला बसू नका. मुलाचं नाव मंडळातल्या दुसऱ्या कुणाच्या कानावर जाऊ देऊ नका, स्वतःच्या नवऱ्या-बायकोच्याही नाही.

हे सगळं पालकांच्या पहिल्याच बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. एखादा वडीलमाणूस खाकरेल. पण आया मान डोलावतात, आणि पुढच्या शनिवारी मुलींची संख्या वाढलेली असते.

दीड तासाचं काय करायचं

आमचा शनिवार असा असतो. सुरुवातीला गोल. हजेरी मी घेत नाही, गटनायक आपापल्या गटाची देतात, आणि कुणी आलं नसेल तर का आलं नाही ते त्यांनी सांगायचं असतं. मग पाऊण तास खेळ. लगोरी, लंगडी, विषामृत, डॉजबॉल. आट्यापाट्या जमल्या तर उत्तम, पण पाट्या आखायलाच दहा मिनिटं जातात, म्हणून आखणाऱ्या गटाला लवकर बोलवावं लागतं. मग अर्धा तास हाताचं काम, दहा मिनिटं गाणं किंवा नुसत्या गप्पा, शेवटी पुन्हा गोल आणि झाडलोट.

खेळात एक गोष्ट माझ्या हट्टाची. दोन कॅप्टन उभे करून आळीपाळीने भिडू निवडायचे नाहीत. शेवटी कोण उरतं ते बघा एकदा. बारीक, चष्म्याचा, किंवा जरा जाड, तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा असतो, आणि "घे तुला हा, आम्हाला नको" असं चालू असतं. दर आठवड्याला त्याच्या वाट्याला हेच. चकून घ्या, एक-दोन-एक-दोन आकडे लावा, वाढदिवसाच्या महिन्यांवर वाटा, काहीही करा. राज्य कुणावर येणार तेही चकूनच. "तू मोठा आहेस, तू राज्य घे" हे बंद.

हाताच्या कामाची यादी मी करत नाही, गावात कोण काय करतं ते बघते. सायकलचं पंक्चर, गळक्या नळाचा वायसर बदलणं, बटण लावणं, फ्यूज गेला तर काय बघायचं, पोळी लाटणं, भाजीचं बियाणं लावणं, बँकेची स्लिप भरणं. मुलगे-मुली दोघांनीही सगळं. शिकवायला त्या त्या कामातलं माणूस बोलवते. पंक्चरवाले दादा एका शनिवारी आले ते एरवी कुणी खुर्ची न दिलेले. मुलांनी त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा ते इतके गडबडले की ट्यूब उलटीच धरली.

दुकानदारीमुळे माझ्या वाट्याला प्रथमोपचार येतो. त्यातलं एक उदाहरण सांगते, कारण त्यावरून काम कसं शिकवायचं ते कळेल. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं असतं. घरोघरी काय होतं? पेलाभर पाण्यात दोन चमचे पावडर, उरलेलं पाकीट रबर लावून फ्रिजमध्ये. असं दाट पाणी जुलाब झालेल्या लहान मुलाला दिलं तर अपायच होतो. मी हे तोंडी सांगत नाही. प्रत्येक गटाला एक पाकीट आणि घरातली कुठलीही बाटली आणायला लावते. मग बाटलीवरचा आकडा शोधायचा, दोन अर्ध्या लिटरच्या की एक लिटरची ते ठरवायचं, पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायचं, आणि पाणी करून सगळ्यांनी चाखायचं. खारट-गोड तोंडं होतात. "काकू, आमच्या घरी तर हे फार गोड असतं," असं कुणीतरी म्हणतंच. ती मुलं घरी जाऊन आईला सांगतात, आणि सोमवारी आई दुकानात येऊन मला विचारते.

कारभार मुलांकडे द्या

1907 मध्ये स्काऊट चळवळीच्या बेडन-पॉवेलने इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं तेव्हा वीसेक मुलांचे चार गट केले आणि प्रत्येक गटाला त्यांच्यातलाच एक नायक दिला. शंभरावर वर्षं झाली, याहून बरी युक्ती माझ्या पाहण्यात नाही. साहेबाच्या बाकीच्या कल्पना घ्याव्यात की नाही ते तुम्ही ठरवा, गट मात्र घ्या. सहा-सात मुलांचा एक. त्यात वयं मिसळलेली, आळ्या मिसळलेल्या, नगरपालिकेच्या शाळेतलं आणि इंग्रजी माध्यमातलं, दोन्ही. मुलांना आपण होऊन गट करू दिलेत तर गावातल्या सगळ्या भिंती मैदानावर जशाच्या तशा उभ्या राहतील. त्यामुळे पहिले गट मी करते, आणि कुठल्या हिशेबाने केले ते कुणालाही सांगत नाही.

नायक चार महिन्यांनी बदलतो. चिठ्ठीवर मत देऊन निवडायचा, एकदा झालेला वर्षभर पुन्हा नाही. पहिल्या खेपेला सगळ्यात दांडगा मुलगा निवडून येतो, दुसऱ्या खेपेला सगळ्यात हसवणारा. तिसऱ्या खेपेपर्यंत मुलांना कळलेलं असतं की पाण्याची बाटली विसरलेल्याला आपली देणारी जी आहे ती बरी. ही समजूत तुम्ही सांगून येत नाही, तुम्ही नुसतं मधे पडायचं नाही.

नायकांची महिन्यातून एकदा बैठक. सहल कुठे, पैसे कशावर, भांडण कुणाचं, हे तिथे ठरतं. आम्ही मोठे मागे बसतो. तीन गोष्टींत आमचा शब्द शेवटचा: जिवाला धोका, कायदा आणि कुणाचा अपमान. बाकी सगळं त्यांचं. नायकांनी एकदा वर्गणीतून फटाके आणायचं ठरवलं. मी काही बोलले नाही. दमेकरी मुलाच्या गटाने आक्षेप घेतला, तासभर कडाक्याचं भांडण झालं, आणि शेवटी दोरीच्या उड्यांसाठी चांगले दोर आले.

हिशेब बघा कसा चालतो. दोन खजिनदार, एक मुलगा एक मुलगी, एकाकडे डबा आणि दुसरीकडे वही. दोघं एकत्र असल्याशिवाय डबा उघडायचा नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गोलात उभं राहून वाचन. सहावीतली मुलगी वाचत होती: "चेंडू दोन, एकशे चाळीस. चुना, वीस. झेरॉक्स, बारा. शिल्लक तीनशे अठ्ठावीस. डब्यात तीनशे एकवीस." शांतता. सात रुपये कुठे गेले? तिने ओठ चावले, जोडीदाराकडे पाहिलं, वहीचं मागचं पान उलटलं. कंडक्टर काका खिशात हात घालायला निघाले, मी त्यांच्या कोपराला धरलं. मग गोलातून एक बारीक आवाज आला, "सेफ्टी पिना आणल्या होत्या की, मी आणल्या होत्या." लिहिलं गेलं, टाळ्या पडल्या. मोठ्या माणसाने सात रुपये टाकून मिटवलं असतं तर त्या मुलीला तो हिशेब चुकलाच असं वाटत राहिलं असतं.

भांडणं, फोन आणि गप्प बसणारी मुलं

शिक्षा म्हणून उठाबशा, बाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर नाव घेणं, यातलं काही नाही. मारामारी झाली तर दोघांनी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तोंड धुवायचं, मग एकाने दुसऱ्याचं म्हणणं सांगायचं. आपलं नाही, समोरच्याचं. ते बरोबर सांगितलं असं समोरचा म्हणाला की परत खेळात. पुष्कळदा टाकीपासून परत येईपर्यंतच कट्टी सुटलेली असते.

रडीचा डाव खेळणाऱ्याला पंच करा. बरं जमतं त्यांना.

फोन आणायला बंदी नाही, काढायला आहे. दारात एक कापडी पिशवी अडकवलेली असते, त्यात मोठ्यांचेही जातात. आमच्यातला एक फोन तातडीच्या कामासाठी चालू, तोही बाहेरच्या ओट्यावर.

गप्प बसणाऱ्या मुलांना बोलतं करायच्या मागे लागू नका. त्यांना काम द्या. हजेरीची वही, चुन्याने रेषा मारणं, घड्याळ बघून शिट्टी वाजवणं. शिट्टी वाजवणाऱ्याकडे सगळे बघतात आणि त्याला एक शब्द बोलावा लागत नाही. काही जण वर्षभराने बोलतात, काही नाही बोलत. दोन्ही ठीक.

सहल

पहिली सहल जवळची करा. आमची मेणवलीची असते, तीनेक किलोमीटर पायी, नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि ती पोर्तुगीज घंटा. पांडवगडाला थंडीत जातो, तेव्हा पांढरे बूट घालून आलेल्याला दारातूनच परत पाठवत नाही, पण कपाळाला हात लावतो.

मोजणी जोड्यांनी. प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला, थांबल्यावर "जोडी" म्हटलं की हात धरायचा. सगळ्यात पुढे एक मोठं माणूस, त्याच्यापुढे कुणी जायचं नाही. सगळ्यात मागे एक, त्याच्यामागे कुणी राहायचं नाही. दहा मुलांमागे एक मोठं तरी हवंच, गडावर त्याहून जास्त. माणशी दोन लिटर पाणी. गडाच्या कपारीत आग्या मोहोळ असतं, म्हणून अत्तर-सेंट नाही, शेकोटी नाही, आरडाओरडा नाही, दगड मारणारा तर थेट घरी. आणि पाण्यात उतरायचं नाही. धोमच्या धरणात नाही, कृष्णेच्या घाटावर नाही, गुडघाभर दिसतं म्हणूनही नाही. या एका बाबतीत मी नायकांच्या बैठकीचंही ऐकत नाही.

पेटीत काय ठेवायचं: साबणाची वडी, गॉझ, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, क्रेप बँडेज, कात्री, चिमटा, ओआरएस, सेफ्टी पिना, पालकांच्या कागदांची प्रत. गोळ्या नाहीत. मी फार्मासिस्ट असूनही दुसऱ्याच्या मुलाला डोकेदुखीची गोळीसुद्धा त्याच्या आईला फोन केल्याशिवाय देत नाही. दम्याचा पंप मुलाच्या स्वतःच्या सॅकमध्ये, आणि तो आहे ना हे निघण्याआधी दाखवायचं. साप चावला तर आवळून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही. मुलाला चालू द्यायचं नाही, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, 108 ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा. वाटेत मांत्रिकाचं घर लागतं तिथे थांबायचं नाही.

डबे एकत्र करून खायचे की आपापले, हे मुलांवर सोडा, पण उपास, मांसाहार, कुणाकडे काय शिजतं यावर शेरे मारायचे नाहीत हा नियम आधीच सांगा. वाढदिवसाचे केकही आमच्याकडे बंद आहेत. एकाचा तीन मजली येतो आणि दुसऱ्याच्या घरी तो दिवस आठवतही नाही.

मोठी झालेली मुलं आणि तुम्ही

नववी-दहावी आली की मुलं गळतात. क्लास असतो, लाज वाटते, मिशी फुटते. अडवू नका. दहावीनंतरच्या सुट्टीत त्यांना सहायक म्हणून बोलवा. चारातलं एक येतं. तेवढं पुरतं. अठरा पूर्ण होईपर्यंत ते मूलच आहे हे मात्र विसरू नका, मोठ्या माणसांच्या गणतीत धरायचं नाही.

तुम्हीही कधी ना कधी थांबणार. बदली होईल, गुडघे कुरकुरतील, घरात आजारपण येईल. म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच वर्षातले काही शनिवार तुमच्याशिवाय चालू द्या. गावातच असताना, मुद्दाम. त्या दिवशी फोन करून "सगळं ठीक ना" विचारायचं नाही. ज्या शनिवारी किल्ली सापडली नाही म्हणून मंडळ भरलं नाही, त्या शनिवारनंतर दुसरी किल्ली करून घ्या.

सुरुवात कधी करायची असं विचाराल तर जूनमध्ये नको. शाळा, रेनकोट आणि चिखल यांत महिना जातो. दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा दुसरा शनिवार धरा. त्याआधी करायच्या गोष्टी: दुसरं मोठं माणूस, परवानगीचं पत्र, किल्ली, पालकांची बैठक. विकत आणायच्या: दोन चेंडू, चुन्याची पिशवी, शिट्टी, वही, कुलपाचा डबा. लगोऱ्या फरशीवाल्याकडे तुटक्या मिळतात, तो पैसे घेत नाही.